पुळणीवरून गरवताना : गळ, तंगूस आणि काठी



किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मासेमारी काही नवी नाही. रापणीचा दोर आपण ओढला आहे, खाडीत पाग टाकला आहे, बांधावर बसून हातगळ सोडला आहे. पण उघड्या समुद्रासमोर, पुळणीवर उभे राहायचे आणि लांब काठीने फुटत्या लाटांत गळ फेकायचा, हा छंद मात्र आपल्याकडे त्या मानाने नवा. सुट्टीच्या दिवशी गुहागरच्या लांबलचक पुळणीवर किंवा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला अशी दोनचार माणसे हमखास दिसतात. त्यांत शिक्षक असतात, पोस्टातले असतात, कॉलेजात जाणारी मुले असतात. आमच्या दक्षिण कोकणात गळाने मासा धरण्याला 'गरवणे' म्हणतात. मीही तोच शब्द वापरणार आहे.

ज्याला हे नव्याने सुरू करायचे आहे त्याने कोणती काठी घ्यावी, दोरा कोणता, शिसे किती वजनाचे, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे. हे सांगण्याचा अधिकार मला एकाच कारणाने आला. या सगळ्या गोष्टी मी प्रथम चुकीच्या विकत घेतल्या होत्या.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मालवण तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर होतो. मे महिन्यात शहरात गेलो होतो, तिथे एका दुकानात शिरलो आणि 'समुद्रावर फेकायची काठी दाखवा' म्हणालो. दुकानदाराने १४ फुटांची, मनगटाएवढ्या बुंध्याची काठी पुढे ठेवली. काठी पाहून मी भुललोच. तिच्याबरोबर मोठे रीळ आणि १२० ग्रॅमची शिशी घेतली. दोरा जाड असला तर लांब जात नाही असे कोणीतरी सांगितले होते, म्हणून ०.३० मिलिमीटरचा बारीक तंगूस घेतला. तंगूस म्हणजे आपला नायलॉनचा एकपदरी पारदर्शक दोरा. पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला. घरी काय सांगितले ते इथे सांगत नाही.

पुढच्या रविवारी पुळणीवर गेलो. मास्तर काहीतरी करणार म्हटल्यावर सातवीची पाचसहा पोरे मागून आलीच. दोनतीनदा बरे गेले. चौथ्या वेळी मी अंगातला सगळा जोर लावून काठी फिरवली आणि टाचणी मोडावी तसा 'टक्' आवाज झाला. तंगूस तुटला होता. शिसे समुद्राकडे न जाता उजवीकडे सुटले आणि वर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या फळीवर आदळले. फळीला बोटाचे पेर जाईल एवढी खोक पडली. होडीच्या पलीकडे सावलीला एक मुलगा बसला होता. तो उठला, वाळूत पडलेले शिसे उचलून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं शिसं."

मी त्या दिवशी पुन्हा काठी उचलली नाही.

संध्याकाळी त्या होडीचे मालक आले. गाबीत समाजातले म्हातारे गृहस्थ, सगळी वाडी त्यांना आबा म्हणे. फळी बघून रागावतील असे वाटले होते. त्यांनी ती बोटाने चाचपली, माझी काठी हातात घेऊन वरखाली पाहिली आणि विचारले, "मास्तरांनू, मासो खंय आसा आणि तुमी खंय फेकतास?" मी दूर, शेवटच्या लाटेपलीकडे हात केला. आबांनी आमच्यापासून वीसपंचवीस पावलांवरचे पाणी दाखवले. "मासो हंय, ह्या चरात आसा. आधी गळ बगा, काठी मागसून."

मी घेतली होती आधी काठी, तिला शोभेल असे रीळ, आणि गळाचा विचार सर्वांत शेवटी. आबांचा क्रम बरोबर उलटा होता. आधी पाणी, मग मासा, माशावरून गळ, पाण्याच्या ओढीवरून शिसे, शिशावरून दोरा, दोऱ्यावरून काठी आणि काठीवरून रीळ. मी पुढे याच क्रमाने शिकलो आणि याच क्रमाने सांगतो.

पाणी पाहायचे ते सुकतीच्या वेळी. भर ओहोटीला पुळणीवर गेलात की किनाऱ्याला समांतर असा एक खोलगट चर आणि त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा पुष्कळ ठिकाणी दिसतो. भरती चढली की लाट त्या दांड्यावर फुटते, तिथली वाळू ढवळते, आणि त्यातले किडे, कोलंबी, लहान खेकडे चरात येऊन पडतात. मासा त्यांच्यामागे येतो. म्हणून लाट कुठे फुटते आणि फुटल्यावर पाणी कुठे गडद व शांत दिसते ते पाहावे. त्या गडद पट्ट्यात गळ पडला की काम झाले. बहुतेक वेळा तो पट्टा तीसचाळीस मीटरच्या आतच असतो.

भरतीची वेळ काढायला तिथीचा हिशोब आपल्याला पाठ असतोच, पण शिक्षकांनी तो मुलांना जरूर करून दाखवावा. शुद्ध वा वद्य पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. येईल तितके तास बारा वाजल्यानंतर मोजले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास सुकती. ठिकाणपरत्वे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेवढा धरून चालावे. चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास गरवायला चांगला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी जोराने ओढते, तेव्हा हलके शिसे ठरत नाही. नवशिक्याने अष्टमीच्या सुमाराचा भांग निवडावा. पावसाळ्यात उघड्या पुळणीवर नवशिक्याने जाऊच नये, हे मी विनंती म्हणून सांगत नाही, बजावून सांगतो.

आता मासा. वाळूच्या चरात सहज मिळणारा मासा म्हणजे मुडदुशी. निमुळत्या तोंडाची, चकचकीत, खायला अतिशय गोड. तोंड इवलेसे, म्हणून गळही लहान हवा. खाडीच्या मुखाजवळ, पाणी जरा गढूळ असताना, रावस येतो. त्याला मोठा गळ. शिंगाळा तर न बोलावता येतो. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असते, म्हणून त्याला हाताने न धरता पक्कडीने गळ सोडवावा. पाकट आली तर तिच्या शेपटीपासून लांब राहावे. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, त्याने ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे जावे.

गळांचे आकडे नवशिक्याला गोंधळात पाडतात. ८ नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान, ६ चा ४ पेक्षा लहान, असे करत १ नंबरपर्यंत गळ मोठा होत जातो. त्यापुढे शून्य लागते आणि क्रम उलटतो. १/० पेक्षा २/० मोठा, त्याहून ३/० मोठा. मुडदुशीला ६ किंवा ८ नंबर, रावसाला २/० ते ४/०. दोन्ही प्रकारचे दहादहा गळ घेतलेत की सुरुवातीला पुरे. गळाच्या टोकाशी जी उलटी आकडी असते ती पक्कडीने दाबून सपाट करावी असे माझे मत आहे. दहातला एखादा मासा त्यामुळे सुटतो. पण गळ मुलाच्या बोटात घुसला तर तो सरळ मागे निघून येतो. शाळेतल्या मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी तर हे करावेच. आमिषाला ताजी कोलंबी उत्तम. मुडदुशीला ती सोलून, नखाएवढा तुकडा लावावा. रावसाला अख्खी कोलंबी किंवा तारलीचा काप.

शिसे घेताना मी केली ती चूक पुष्कळजण करतात, शिसे जड तितके ते लांब जाईल असे समजतात. शिशाचे खरे काम आमिष तळाशी ठरवण्याचे. भांगाच्या दिवशी ५० ते ६० ग्रॅमचे शिसे आपल्या बहुतेक पुळणींवर ठरते, ओढ असेल तर ८० ते १००. गोल शिसे वाळूवर गडगडते, म्हणून चौकोनी बुडाचे, वर निमुळते असे घ्यावे, ते वाळूत रुतून बसते. आणखी एक सांगतो. शिसे शरीरात गेले की विषारी असते, लहान मुलांना तर फारच. बारीक शिशी दातांनी दाबून दोऱ्यावर बसवायची आपली जुनी सवय आहे, ती सोडावी. घरच्या चुलीवर शिसे वितळवून ओतू नये. शिसे हाताळले की हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

आता दोरा. इथे थोडे थांबून बोलावेसे वाटते, कारण त्या दिवशी तुटला तो दोराच होता.

आपल्या वाडवडिलांचे दोरे सुताचे असत. ते कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या रसात बुडवून काढीत. नायलॉन अमेरिकेत १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झाले, आणि पुढे त्याचा एकपदरी दोरा सगळ्या जगाच्या किनाऱ्यांवर पोचला. तंगुसाचा मोठा गुण असा की तो ताणतो. माशाने झटका दिला तर थोडा लांबतो आणि झटका स्वतःच गिळतो. नवशिक्याचा हात आडदांड असतो, त्याला हा गुण फार सांभाळून घेतो. हल्ली बारीक धाग्यांचा वेणीसारखा विणलेला दोराही मिळतो. तो त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत, लांबही जातो. पण तो जवळजवळ ताणत नाही, खडकाला घासला की चटकन कापला जातो, फेकताना उघड्या बोटाला चिरतो आणि गुंता झाला तर सुटता सुटत नाही. शिवाय महाग. पहिले वर्षभर तरी तंगूसच वापरावा.

जाडी ०.३५ मिलिमीटर. नवा असताना तो साधारण सातआठ किलोचा ताण सोसतो. दुकानातल्या वेष्टनावर कधी पौंडांत आकडा असतो. पौंड म्हणजे ०.४५ किलो हे लक्षात ठेवले की भागते. दोनशे मीटर पुरतो. आता कोणी म्हणेल, सात किलो सोसणारा दोरा शंभर ग्रॅमच्या शिशाने तुटेल कसा? गुरुजींनी हे गणित नववीच्या वर्गाला घालावे. १०० ग्रॅमचे शिसे पाव सेकंदात सेकंदाला ३० मीटर इतक्या वेगाला न्यायचे आहे, तर बल किती लागेल? उत्तर येते १२ न्यूटन, म्हणजे शिशाच्या वजनाच्या सुमारे बारापट. ही झाली सरासरी, तीही सफाईने फेकणाऱ्याची. नवशिक्या हिसका देतो, त्या क्षणाचा ताण याहून कितीतरी अधिक. त्यात गाठीपाशी दोरा कमकुवत झालेला असतो, कुठे खरचटलेला असतो. माझा तंगूस काठीच्या एका तडकलेल्या कडीवर घासून खरचटला होता, हे मला मागाहून कळले.

यावर उपाय सोपा आहे आणि माझी सगळी सामग्री विकणाऱ्याने तो मला सांगितला नव्हता. मुख्य दोऱ्याच्या पुढे जाड तंगुसाचा एक तुकडा जोडायचा. फेकीचा हिसका हा तुकडा झेलतो. त्याची लांबी काठीच्या दुप्पट, अधिक रिळावर पाचसहा वेढे बसतील इतकी, म्हणजे सात-आठ मीटर. ताकदीचा हिशोब असा : शिशाच्या प्रत्येक औंसाला, म्हणजे २८ ग्रॅमला, दहा पौंड. ८५ ग्रॅमचे शिसे म्हणजे तीन औंस; तर तीस पौंड, जवळजवळ १४ किलो सोसणारा तुकडा हवा. मी सरसकट ०.६० मिलिमीटरचा लावतो, म्हणजे शंभर ग्रॅमपर्यंत काळजी नाही. जाडी दुप्पट झाली की आडव्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, त्यामुळे एवढ्याशा फरकाने ताकद केवढी वाढते ते मुलांना वर्तुळाच्या सूत्राने दाखवता येईल. जोडाची गाठ थुंकीने ओली करून मग आवळावी. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून तंगूस तिथेच मरतो.

गरवायला जाण्यापूर्वी शेवटचे दोनचार मीटर नखांच्या चिमटीतून ओढून पाहावेत. खरखरीत लागले तेवढे कापून टाकावेत. कापलेला तुकडा खिशात घालून घरी आणावा. तो वाळूत वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि पक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या मानेत अडकतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी अंडी घालायला येतात, त्यांच्या वाटेत हे जाळे नको.

मुख्य दोरा आणि गळ यांच्यामध्ये एक भोवरकडी लावावी, म्हणजे आमिष पाण्यात फिरले तरी दोऱ्याला पीळ बसत नाही. दुकानदार तिला स्विव्हेल म्हणतो. शिसे भोवरकडीच्या वरच्या बाजूला मोकळे सरकते ठेवावे, आणि खाली हातभर दोऱ्यावर एकच गळ. चारचार गळांची माळ लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

आता काठीकडे येऊ. इथपर्यंत आलो की काठीचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. आपले शिसे ५० ते १०० ग्रॅमचे ठरले. प्रत्येक चांगल्या काठीवर बुंध्यापाशी ती किती ग्रॅम फेकण्यासाठी केली आहे ते छापलेले असते. तिथे ५० ते १०० किंवा ६० ते १२० असा आकडा पाहावा. आकडा नसलेली काठी घेऊ नये, कितीही देखणी असो. लांबी ११ ते १२ फूट, बायकांना व मुलांना १० फूट. याहून आखूड असली तर दोरा फुटत्या लाटांच्या वर राहत नाही. याहून लांब असली तर ती तरफ तुमच्यावरच उलटते. माझ्या १४ फुटी काठीने मला फेकले असे म्हणणे अधिक खरे होईल.

काचतंतूची काठी थोडी जड पण सोशिक असते. कार्बनची हलकी आणि चपळ, पण दगडावर आपटली तर नकळत तडा जातो आणि पुढे ऐन फेकीत मोडते. पहिली काठी काचतंतूची किंवा दोहोंच्या मिश्रणाची घ्यावी. कार्बनमधून वीज वाहते हेही ध्यानात ठेवा. पुळणीकडे जाताना वाटेवर विजेच्या तारा असतात, त्यांच्याखालून काठी उभी धरून जाऊ नये. आकाशात गडगडू लागले की काठी वाळूवर आडवी ठेवून दूर व्हावे.

दुकानात काठी पारखायची एक युक्ती आहे. खिशात थोडा कापूस न्या. तंगूस ज्यांतून ओवायचा त्या प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवा. कडीला सूक्ष्म चीर असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. दुकानदार हसेल, हसू द्या. मग काठी जोडून टोक जमिनीला टेकवून हलकेच वाकवून पाहा. वाक एकसारखा आला पाहिजे, जोडापाशी कोन पडता कामा नये.

रिळाबद्दल फार सांगत नाही. साधे, कमान उघडून फेकायचे रीळ, पाच हजार किंवा सहा हजार आकाराचे. फिरकी काठापासून दोनतीन मिलिमीटर रिकामी राहील इतका तंगूस भरावा. गच्च भरला तर वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरला तर काठावर घासून फेक आखूड पडते. ताणाची चकती दोऱ्याच्या ताकदीच्या पावपट ताणाला सुटेल अशी ठेवावी. साध्या ताणकाट्याने ते मोजता येते, दोन किलोच्या आसपास. काठी टेकवायला पीव्हीसीच्या पाइपचा दोनअडीच हात लांबीचा तुकडा खालून तिरपा कापून वाळूत रोवावा. विकतच्या स्टँडची गरज नाही.

आणि ज्याला एवढाही खर्च झेपत नाही, त्याने रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर तीसचाळीस मीटर जाड तंगूस गुंडाळावा, ४० ग्रॅमचे शिसे आणि एक ६ नंबरचा गळ बांधावा. भरतीच्या वेळी चरापर्यंत तो हातानेच पोचतो. आबा आयुष्यभर तेवढ्यावरच मुडदुशी काढत होते. हातानेही फेकताना मागे आणि बाजूला कोणी नाही ना, हे मान वळवून पाहावे. मी मुलांसाठी वाळूत काठीच्या तिप्पट त्रिज्येचे वर्तुळ आखत असे. गुरुजी फेकताना आत पाऊल टाकायचे नाही, हा नियम. ती पोरे तो इतका काटेकोर पाळीत की मासा लागला तरी रेघेवरच उड्या मारीत.

घरी आल्यावर रीळ आणि काठी गोड्या पाण्याने धुवावी. धार जोराची नको, नाहीतर खारट पाणी आत ढकलले जाते. नळाखाली हलकेच, ताणाची चकती आवळून. मग पुसून, सावलीत सुकवून चकती सैल करून ठेवावी. आवळलेलीच राहिली तर आतले पदर दबून चिकटतात. तंगूस उन्हाने कमकुवत होतो, म्हणून रीळ खिडकीत टांगू नये, पिशवीत घालून कपाटात ठेवावे. वर्षाने तंगूस बदलावा, तो दिसायला नवा दिसत असला तरी.